दहा श्वासांमागे एक मणी

आमच्या लहानपणी चंद्रपूरकडे उशिरा बोलणाऱ्या पोराबद्दल ‘बोलेल सावकाश’ असं म्हणत. त्यात कितीक वर्षं जात.

वाट न पाहण्याचा धडा मला शेजारच्या गडचिरोलीत दिसला. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने १९९५ पासून ३९ गावांत घरोघरी नवजात बाळं तपासायला गावातल्याच बायकांना शिकवलं. न्यूमोनिया ओळखायला मिनिटभराची वाळू आणि मणी. दर दहा श्वासांमागे एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत तांबडा मणी सरकला, की उपचार सुरू! तिसऱ्या वर्षी, उपक्रमाबाहेरच्या गावांच्या तुलनेत, नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले.

स्वमग्नतेचंही असंच. ऑस्ट्रेलियात सुरुवातीची लक्षणं दिसणाऱ्या, वर्षभराच्या आसपासच्या बाळांच्या आईबापांना त्यांच्याच खेळाचं चित्रण दाखवून बाळाचे इशारे ओळखायला शिकवलं. २०२१ चा निष्कर्ष असा, की तिसऱ्या वर्षी निदान झालं ७ टक्क्यांना. एरवीच्या गटात २० टक्क्यांना.

आपल्याकडे २०१३ च्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाने जिल्ह्याला शीघ्र हस्तक्षेप केंद्र दिलं. पण भामरागडहून गडचिरोली दीडशे किलोमीटरच्या वर. हाक मारल्यावर बाळ वळतं का, हे त्या आईला माडियात कोण विचारणार?