धोंड्यापासून धुलाईयंत्रापर्यंत

परीट समाजाचा इतिहास सांगावयाचा म्हटले म्हणजे बारा बलुतेदारांतील आपले स्थान आणि सुगीला मिळणारे धान्याचे बलुते येथपर्यंत येऊन बहुधा लेखणी थांबते. परंतु आपल्या वाडवडिलांपाशी एक विद्या होती, आणि तिचा इतिहास फारसा कोणी लिहून ठेविलेला नाही. पाणी, खार व ऊन ह्यांची पारख हीच ती विद्या होय. आज घरोघर आलेल्या धुलाईयंत्राची निगा राखणे हा तिचाच पुढील अध्याय आहे, असे आमचे नम्र मत आहे.

आपला किनारा, म्हणजे १९८१ पूर्वीचा कुलाबा व आताचा रायगड जिल्हा, ह्या विद्येची कसोटी पाहणारा आहे. उरण-पेणची मिठागरे, अलिबागचा खारेपाट, पुढे रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धन. समुद्र व खाड्या जवळ असल्यामुळे अनेक विहिरींचे पाणी मचूळ. अशा पाण्यात साबणास फेस येत नाही. पाण्यातील चुन्याचे व मॅग्नेशियमचे क्षार साबणाशी मिळून चिकट साका होतो, आणि तो कपड्यासच धरून बसतो. आपल्या वडिलांस हे रसायनशास्त्राच्या भाषेत ठाऊक नव्हते. परंतु धुण्यासाठी गोड्या पाण्याचा ओढा किंवा तळे शोधावे, आणि पाणी जड असेल तर आधी त्यात पापडखार टाकावा, म्हणजे दोष खाली बसतो, हे त्यांस पक्के ठाऊक होते.

मळके कपडे खाराच्या पाण्यातून काढून भट्टीवर रचावयाचे, त्यांस वाफ द्यावयाची, आणि मग घाटावर धोंड्यावर आपटून स्वच्छ पाण्यात खळबळावयाचे, असा क्रम असे. रेशमी व लोकरी वस्त्रे भट्टीस न लावता रिठ्याच्या पाण्यात धूत. कोणाचा कपडा कोणता हे बिब्ब्याच्या काळ्या खुणेवरून ओळखीत. शेवटी नीळ, खळ आणि कोळशाची इस्त्री. आमच्या घरच्या वृद्ध मंडळींचा दंडक असा होता की, आधीची भट्टी धुतल्यावाचून पुढची लावू नये. हंड्याच्या बुडाशी क्षारांचा थर बसला की तो चिंच लावून घासून काढावयाचा. धोंड्यावरील शेवाळ खरवडावयाचे. साधनच मळके असेल तर त्यातून निघणारे वस्त्र स्वच्छ कसे निघेल, हा त्यांचा साधा विचार होता.

पुढे काळ पालटला. १७९१ साली फ्रान्समध्ये निकोला लब्लां ह्याने मिठापासून धुण्याचा सोडा करण्याच्या कृतीचे पेटंट घेतले. आपल्या देशात काठेवाडातील मिठापूर येथे १९३९ साली टाटा केमिकल्सची स्थापना झाली. १९६९ साली अहमदाबादेत निर्मा पूड निघाली आणि स्वस्त धुलाई सामान्यांच्या घरी आली. मुंबईत महालक्ष्मीचा धोबीघाट १८९० च्या सुमारास बांधला गेला. अमेरिकेत जेम्स किंग ह्याने १८५१ साली फिरत्या पिंपाच्या यंत्राचे पेटंट घेतले होते. विजेवर चालणारी यंत्रे आपल्याकडे घरोघर पोहोचू लागली ती मात्र १९८० नंतर. त्याच सुमारास थळ येथे खतांचा मोठा कारखाना उभा राहिला, वसाहती वाढल्या, आणि पुष्कळ घरांतून परटाकडे जाणारे गाठोडे बंद झाले. ह्या बदलाची झळ आपल्या कुटुंबांस लागली, हे लपविण्याचे कारण नाही.

पुढे आमच्याही घरी यंत्र आले. दोनच वर्षांत त्यास कुबट वास येऊ लागला, आणि एके दिवशी त्यात पाणीच येईना. कारागिराने नळीच्या तोंडाची जाळी काढून दाखविली. ती गाळाने गच्च भरली होती. रबरी कडेच्या घडीत काळी बुरशी होती. घरातील वृद्धांनी एवढेच विचारले, “भट्टी धुतली होती का?” आम्हांस उत्तर देता आले नाही.

तेव्हापासून आम्ही पाळतो ते नियम आपल्या भगिनींसाठी येथे देतो. धुणे संपताच रबरी कड पुसून दार उघडे ठेवावे. पावसाळ्यात तर अवश्य. सुतांचा गाळ धरणारी जाळी दर आठवड्यास, आणि नळीच्या तोंडाची जाळी नळ बंद करून महिन्यास धुवावी. पूड मोजकीच घालावी. जास्त पुडीने कपडा अधिक स्वच्छ न होता पिंपात थर साचतो. पाणी तापविण्याची सोय असलेले यंत्र महिन्यातून एकदा लिंबूसत्त्व घालून रिकामेच गरम पाण्यावर चालवावे; चिंचेने हंडा उजळत असे, तेच आम्लाचे कार्य येथे घडते. मात्र आम्ल व ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. खाऱ्या हवेने पत्रा गंजतो, म्हणून विजेची जोडणी काढून यंत्र बाहेरून ओल्या फडक्याने व लगेच कोरड्याने पुसावे.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ ह्याच किनाऱ्यावर आदळले. विजेचे खांब कोसळले आणि अनेक गावे कित्येक दिवस अंधारात राहिली. त्या दिवसांत बंद यंत्राशेजारून आम्ही कपडे उचलले आणि विहिरीकाठच्या धोंड्याकडे गेलो. घरातील तरुणांस पिळा कसा धरावा हेही ठाऊक नव्हते. वृद्धांनी ते शिकविले.

म्हणून आमची विनंती अशी की, आपापल्या घरातील वडीलधाऱ्यांस भट्टी, खार व घाट ह्यांविषयी विचारून ते लिहून ठेवावे, आणि आपल्या मुलांनी ह्या यंत्रांच्या दुरुस्तीचे शिक्षण घ्यावे. ज्या विद्येवर वडिलांनी संसार चालविले, तिची लाज वाटण्याचे कारण नाही. आपल्याच समाजात १८७६ साली जन्मलेल्या संत गाडगेबाबांनी हाती खराटा घेऊन १९५६ पर्यंत, म्हणजे अखेरपर्यंत, गावे झाडली. स्वच्छतेच्या कामात कमीपणा नाही, हे त्यांनी महाराष्ट्रास दाखवून दिले. आपण निदान आपल्या घरच्या यंत्राची भट्टी धुवावी आणि ती का धुवावयाची हे पुढच्या पिढीस सांगावे, एवढीच प्रार्थना करून हा लेख पुरा करतो.