संगीत नाटके व नटांची चरित्रे: रंगमंचावरून पडद्याकडे

मराठी संगीत रंगभूमीवरील गाजलेली नाटके आणि तेथील कलावंतांची चरित्रे गेल्या काही वर्षांत चित्रपटांच्या माध्यमातून नव्या प्रेक्षकांसमोर आली आहेत. 'बालगंधर्व' (२०११), 'कट्यार काळजात घुसली' (२०१५), 'मी वसंतराव' (२०२२) आणि 'संगीत मानापमान' (२०२५) हे या प्रवाहातील प्रमुख चित्रपट होत.

अभिजात कृतीला नवे रूप देण्याची ही प्रथा नवी नाही. अण्णासाहेब किर्लोस्कर यांनी कालिदासाचे 'शाकुंतल' मराठी पदांसह रंगभूमीवर आणले. त्याचा पहिला प्रयोग ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात झाला आणि मराठी संगीत नाटकाचे युग सुरू झाले.

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे 'मानापमान' १२ मार्च १९११ रोजी मुंबईत रंगभूमीवर आले. गोविंदराव टेंबे यांनी त्याच्या पदांना चाली दिल्या होत्या. त्याच दिवशी अपत्याच्या निधनाचे दुःख कोसळले असतानाही बालगंधर्वांनी भामिनीची भूमिका पार पाडली. हा प्रसंग त्यांच्या चरित्रात आवर्जून सांगितला जातो.

नारायण श्रीपाद राजहंस ऊर्फ बालगंधर्व (१८८८-१९६७) यांनी १९१३ मध्ये गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली. भरजरी शालू, अत्तरे आणि उंची नेपथ्य यांवर सढळ हस्ते खर्च झाला आणि मंडळी कर्जात बुडाली. बोलपटांच्या आगमनानंतर संगीत नाटकांचा प्रेक्षकवर्ग ओसरला. बालगंधर्वांनीही १९३५ मध्ये प्रभातच्या 'धर्मात्मा'त संत एकनाथांची भूमिका केली. परंतु ते पुन्हा रंगभूमीकडेच वळले. ज्या माध्यमाने संगीत नाटकाला मागे सारले, त्याच माध्यमाने शतकभरानंतर त्याची आठवण जागवली, हे उल्लेखनीय होय.

रवी जाधव दिग्दर्शित 'बालगंधर्व'मध्ये सुबोध भावे यांनी शीर्षक भूमिका केली. आनंद भाटे यांना त्यातील पार्श्वगायनासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुरुषोत्तम दारव्हेकर लिखित 'कट्यार काळजात घुसली' हे नाटक १९६७ मध्ये रंगभूमीवर आले. पंडित जितेंद्र अभिषेकी यांचे संगीत आणि वसंतराव देशपांडे यांची खाँसाहेबांची भूमिका यांमुळे ते अजरामर झाले. भावे यांनी ते पडद्यावर आणताना मूळ पदांसोबत शंकर-एहसान-लॉय यांच्या नव्या रचनांची जोड दिली. 'मी वसंतराव'मध्ये राहुल देशपांडे यांनी आपल्या आजोबांची भूमिका साकारली.

रूपांतरात काही गोष्टी गमवाव्या लागतात. रात्रभर चालणारा प्रयोग, रसिकांच्या 'वन्स मोअर'वर पुन्हा रंगणारे पद आणि गायक-नटाने तेथेच घेतलेली नवी तान यांना दोन-तीन तासांच्या चित्रपटात स्थान नाही. पडद्यावर चेहरा एकाचा आणि गळा दुसऱ्याचा असू शकतो. संगीत नाटकाचा प्राण मात्र गाणाऱ्या नटातच होता. तथापि, ज्यांनी नाट्यगृहाची पायरी कधी चढली नाही, अशा श्रोत्यांपर्यंत ही पदे चित्रपटांमुळेच पोहोचली. मूळ नाटकांचे प्रयोग चालू राहणे आणि नवे गायक-नट घडणे, यांवरच या परंपरेचे भवितव्य अवलंबून राहील.