फुल-फ्रेम डिजिटल कॅमेरा

फुल-फ्रेम डिजिटल कॅमेरा (मराठी पर्याय : पूर्णचौकट डिजिटल कॅमेरा) म्हणजे ज्याच्या प्रतिमा-संवेदकाचा आकार ३५ मिलिमीटर फिल्मवरील एका चौकटीइतका, म्हणजे सुमारे ३६ × २४ मिलिमीटर असतो, असा डिजिटल कॅमेरा. या वर्गातील कॅमेरा महाग असतो, त्याचा संबंध जवळ असलेल्या लेन्सशी येतो आणि तो अनेक वर्षे वापरला जातो. त्यामुळे नवे मॉडेल बाजारात येण्यापूर्वीच त्याच्या अपेक्षित वैशिष्ट्यांवर छायाचित्रकारांमध्ये चर्चा सुरू होते. या चर्चेत संवेदकाचा आकार, मेगापिक्सेलची संख्या, कमी प्रकाशातील कामगिरी, चलच्चित्रणाची क्षमता आणि किंमत हे मुद्दे प्रामुख्याने येतात.

संज्ञा व आकारमान

चित्रपटाच्या ३५ मिमी फिल्मवर १८ × २४ मिमीची चौकट वापरली जात असे. जर्मनीतील वेट्झलार येथील लाइट्झ कारखान्यातील ऑस्कर बर्नाक यांनी अशा दोन चौकटींची मिळून एक चौकट करून छोटा कॅमेरा घडवला. इ.स. १९२५ मध्ये तो 'लायका' या नावाने विक्रीस आला आणि ३६ × २४ मिमी हे माप पुढे जगभर रूढ झाले. डिजिटल युगातील 'फुल-फ्रेम' ही संज्ञा याच मापावरून आली आहे.

फुल-फ्रेम संवेदकाचे क्षेत्रफळ ८६४ चौरस मिमी असते. त्याखालोखाल प्रचलित असलेल्या एपीएस-सी संवेदकाचे माप सुमारे २३.६ × १५.६ मिमी, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे ३६८ चौरस मिमी असते. (कॅननचे एपीएस-सी संवेदक याहून किंचित लहान असतात.) लहान संवेदक लेन्सने तयार केलेल्या प्रतिमेचा मधला भागच टिपतो. त्यामुळे २४ मिमीच्या लेन्सचा आडवा दृष्टिकोन फुल-फ्रेमवर सुमारे ७४ अंश, तर एपीएस-सीवर सुमारे ५२ अंश भरतो.

इतिहास

मोठा संवेदक बनवणे सुरुवातीला अत्यंत खर्चिक होते. सिलिकॉनच्या एका चकतीतून मोठ्या आकाराचे संवेदक कमी निघतात आणि प्रत्येकात दोष राहण्याची शक्यता अधिक असते. म्हणून पहिल्या डिजिटल एसएलआर कॅमेऱ्यांत बहुधा लहान संवेदक बसवले गेले. फिल्मच्या काळात घेतलेल्या विस्तीर्ण कोनाच्या लेन्स या कॅमेऱ्यांवर अरुंद कोनाच्या ठरल्या आणि पूर्ण आकाराच्या संवेदकाची मागणी प्रामुख्याने तेथून सुरू झाली.

पेन्टॅक्सने इ.स. २००० मध्ये फिलिप्सचा सहा मेगापिक्सेलचा फुल-फ्रेम संवेदक असलेला नमुना दाखवला होता. तो 'एमझेड-डी' या नावाने ओळखला जातो. उत्पादनखर्चामुळे इ.स. २००१ मध्ये हा प्रकल्प रद्द झाला. फिलिप्सचाच संवेदक असलेला कॉन्टॅक्स एन डिजिटल इ.स. २००२ मध्ये बाजारात आला, पण तो फार काळ टिकला नाही. त्याच वर्षी कॅननने ११.१ मेगापिक्सेलचा ईओएस-१डीएस जाहीर केला. इ.स. २००५ मधील १२.८ मेगापिक्सेलच्या ईओएस ५डीमुळे तुलनेने लहान व स्वस्त फुल-फ्रेम कॅमेरा प्रथमच हौशी छायाचित्रकारांच्या आवाक्यात येऊ लागला. निकॉनने इ.स. २००७ मध्ये डी३ आणि इ.स. २००८ मध्ये डी७०० हे कॅमेरे आणले. इ.स. २००८ मध्येच आलेल्या कॅनन ५डी मार्क २ मध्ये पूर्ण एचडी चलच्चित्रणाची सोय होती.

सोनीने इ.स. २०१३ मध्ये अल्फा ७ व अल्फा ७आर या कॅमेऱ्यांद्वारे स्वयंचलित फोकस असलेले मिररलेस फुल-फ्रेम कॅमेरे रूढ केले. निकॉन (झेड ७, झेड ६) आणि कॅनन (ईओएस आर) इ.स. २०१८ मध्ये या प्रकाराकडे वळले.

प्रतीक्षा व वैशिष्ट्यांवरील वाद

प्रदीर्घ प्रतीक्षेचे ठळक उदाहरण पेन्टॅक्सचे आहे. या कंपनीची 'के' लेन्सजोडणी इ.स. १९७५ पासून वापरात आहे. एमझेड-डी रद्द झाल्यानंतर या लेन्स बाळगणाऱ्यांना कंपनीचा फुल-फ्रेम डिजिटल कॅमेरा मिळण्यास सुमारे पंधरा वर्षे लागली. ३६ मेगापिक्सेलचा के-१ इ.स. २०१६ मध्ये आला, तोपर्यंत कंपनी रिकोकडे गेली होती. या काळात पेन्टॅक्सच्या ग्राहकांपुढे जुन्या लेन्स सांभाळून थांबणे किंवा त्या विकून दुसऱ्या कंपनीकडे जाणे हे दोन पर्याय होते. नव्या कॅमेऱ्याविषयीची चर्चा अटीतटीची होण्यामागे हे एक प्रमुख कारण असते. निर्णय एका कॅमेऱ्याचा नसून संपूर्ण लेन्ससंचाचा असतो.

मेगापिक्सेलच्या संख्येवरील वाद सर्वांत जुना आहे. इ.स. २०१२ मध्ये निकॉन डी८०० (३६.३ मेगापिक्सेल) आणि कॅनन ५डी मार्क ३ (२२.३ मेगापिक्सेल) जवळपास एकाच वेळी आले, तेव्हा तो विशेष गाजला. संख्या दीडपट झाली तरी चित्राची लांबी व रुंदी प्रत्येकी सुमारे २२ टक्केच वाढते. दर इंचास ३०० बिंदू या प्रमाणात छापल्यास २४ मेगापिक्सेलचे चित्र सुमारे २० इंच, तर ३६ मेगापिक्सेलचे सुमारे २४.५ इंच रुंद होते. त्या बदल्यात फाइली मोठ्या होतात आणि लेन्सचे दोष व हाताचा कंप अधिक उघड होतात.

इ.स. २०१८ मधील निकॉन झेड ६, झेड ७ व कॅनन ईओएस आर यांत मेमरी कार्डासाठी एकच खाच होती. एक कार्ड बिघडले तर छायाचित्रे गमावण्याचा धोका असल्याने विवाहसोहळ्यांचे चित्रण करणाऱ्या व्यावसायिकांनी यावर आक्षेप घेतला; निसर्गदृश्ये टिपणाऱ्या अनेकांना ही उणीव तितकी गंभीर वाटली नाही. निकॉनने इ.स. २०२० मधील दुसऱ्या आवृत्तीत दोन खाचा दिल्या.

विषयानुसार निवड : बुलढाणा जिल्ह्यातील उदाहरणे

कोणते वैशिष्ट्य महत्त्वाचे, हे छायाचित्राच्या विषयावर अवलंबून असते. महाराष्ट्राच्या बुलढाणा जिल्ह्यात विस्तीर्ण, अंधारलेले आणि दूरचे असे तिन्ही प्रकारचे विषय आढळत असल्याने हा फरक तेथील उदाहरणांवरून स्पष्ट होतो.

विस्तीर्ण विषय : लोणार सरोवर हे बेसाल्ट खडकात उल्कापाताने निर्माण झालेले विवर असून त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. विवर वर्तुळाकार मानल्यास काठावर उभ्या असलेल्या छायाचित्रकाराला २४ मिमीच्या लेन्सने फुल-फ्रेमवर काठाच्या परिघाचा सुमारे दोन-पंचमांश भाग एका चित्रात घेता येतो. एपीएस-सीवर तो तीन-दशांशाहून कमी भरतो. संपूर्ण विवर मात्र दोन्हींत मावत नाही. त्यासाठी अनेक चित्रे जोडून पॅनोरमा करावा लागतो आणि तेव्हा संवेदकाच्या आकाराचे महत्त्व बरेच कमी होते.

अंधारलेला विषय : लोणार येथील दैत्यसूदन मंदिराच्या अंतर्भागात छतापर्यंत कोरीवकाम असून तेथे उजेड कमी असतो. केंद्रीय संरक्षित स्मारकांत ट्रायपॉड वापरण्यास परवानगी लागते, म्हणून कॅमेरा बहुधा हातात धरूनच चित्रण करावे लागते. समान तंत्रज्ञानाच्या संवेदकांत फुल-फ्रेमवर आयएसओ ६४०० ला जितके दाणे दिसतात, साधारण तितकेच एपीएस-सीवर आयएसओ २८०० ला दिसतात. मात्र जवळचा खांब आणि मागील शिल्प दोन्ही सुस्पष्ट हवे असतील, तर फुल-फ्रेमवर लेन्सचे छिद्र अधिक लहान करावे लागते आणि हा लाभ बहुतांशी नाहीसा होतो.

दूरचा विषय : ज्ञानगंगा अभयारण्याचे क्षेत्रफळ सुमारे २०५ चौरस किमी असून तेथे बिबट्या व अस्वल आढळतात. अशा ठिकाणी ४०० मिमीची लेन्स एपीएस-सीवर ६०० मिमीइतका अरुंद कोन देते. ३६ मेगापिक्सेलच्या फुल-फ्रेम चित्रातून तेवढाच भाग कापल्यास सुमारे १६ मेगापिक्सेल उरतात, तर २४ मेगापिक्सेलचा एपीएस-सी कॅमेरा त्याच भागासाठी सर्व २४ मेगापिक्सेल वापरतो. पहाटेच्या किंवा संधिप्रकाशात फुल-फ्रेम उपयुक्त ठरतो, परंतु तितक्याच पल्ल्यासाठी लागणारी मोठी लेन्स वजनाने व किमतीने बरीच अधिक असते.

मर्यादा

संवेदकाच्या आकारावरून रंगांची विश्वसनीयता ठरत नाही. जून २०२० मध्ये लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा त्याची असंख्य छायाचित्रे प्रसृत झाली. अशा बदलाची नोंद तुलनेस उपयोगी पडण्यासाठी श्वेत-संतुलन निश्चित करणे, चित्रात ग्रे कार्ड ठेवणे, रॉ फाइल जतन करणे आणि वेळ व स्थान नोंदवणे आवश्यक असते. या गोष्टी लहान संवेदकाच्या अनेक कॅमेऱ्यांतही शक्य आहेत. छायाचित्र बदल दाखवते, त्याचे कारण सांगत नाही. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाण्याच्या नमुन्यांचा अभ्यास केल्यावर हा रंग क्षारप्रिय सूक्ष्मजीवांमुळे आल्याचा निष्कर्ष निघाला.

हेही पहा

- डिजिटल एसएलआर कॅमेरा
- मिररलेस कॅमेरा
- लोणार सरोवर
- ज्ञानगंगा अभयारण्य