वॉशिंग्टन यांची कवळी: मिटलेल्या ओठांमागचा इतिहास

१/ अमेरिकेच्या एक डॉलरच्या नोटेवरील जॉर्ज वॉशिंग्टन यांचा चेहरा गिल्बर्ट स्टुअर्ट यांनी १७९६ मध्ये रंगवलेल्या चित्रावरून घेतला आहे. ओठ घट्ट मिटलेले, भोवतालचा भाग किंचित फुगलेला. या करारी मुद्रेमागे एक कवळी होती.

२/ ३० एप्रिल १७८९ रोजी वॉशिंग्टन पहिले राष्ट्राध्यक्ष झाले, तेव्हा ते ५७ वर्षांचे होते आणि त्यांच्या तोंडात स्वतःचा एकच दात उरला होता.

३/ त्यांची कवळी लाकडी होती, ही निव्वळ दंतकथा! दंतवैद्य जॉन ग्रीनवुड यांनी पाणघोड्याच्या दातापासून त्यांच्यासाठी कवळी घडवली. माउंट व्हर्नन येथे जतन केलेल्या संचात शिसे, स्प्रिंगा, माणसांचे आणि जनावरांचे दात आहेत.

४/ अशी कवळी दुखते का? चावण्याच्या दाबामुळे दाताभोवतीचे हाड टिकून राहते. दात गेला की ते झिजू लागते. खालच्या जबड्यात अधिक. उतारवयात हिरडीवरचे आवरणही पातळ होते. खालच्या जबड्यातून ओठाकडे जाणारी नस हाड झिजल्यावर कवळीच्या दाबाखाली येऊ शकते. मग प्रत्येक घासाला कळ उठते.

५/ दाताच्या मुळाभोवतीच्या तंतूंत दाब ओळखणारे संवेदक असतात. दातासोबत तेही जातात. परिणाम विचित्र होतो: दाबाची जाण बोथट होते आणि वेदना मात्र राहते.

६/ जबड्याचा आकार बदलत राहतो, म्हणून एकदा नीट बसलेली कवळी पुढे टोचू लागते. कवळीमुळे ओठ पुढे ढकलले जातात, अशी तक्रार वॉशिंग्टन यांनी ग्रीनवुड यांना पत्रातून केली होती. स्प्रिंगांमुळे तोंड मिटून ठेवण्यासाठीही जोर लावावा लागे.

७/ मात्र या इतिहासात आणखी काही तोंडे आहेत. १७८४ मध्ये माउंट व्हर्ननच्या हिशेबात एका फ्रेंच दंतवैद्याच्या खात्यावर कृष्णवर्णीयांना ९ दातांसाठी १२२ शिलिंग दिल्याची नोंद आहे. त्या मळ्यावर शेकडो माणसे गुलामीत होती. मालकाला नकार देण्याचा अधिकार त्यांना नव्हता. ईथर देऊन वेदनारहित शस्त्रक्रियेचे जाहीर प्रात्यक्षिक व्हायला अजून ६२ वर्षे होती.

८/ राष्ट्राध्यक्षांच्या हिरड्यांचे दुखणे पत्रांत, चित्रांत आणि संग्रहालयात जपले गेले. ज्यांचे दात काढले गेले, त्यांच्या वाट्याला हिशेबाची एक ओळ आली. तिच्यात रक्कम आहे, नावे नाहीत.