किल्ल्यातल्या मातीचे मोल

वैभवाची वस्तू म्हटली की सोने, हस्तिदंत, चंदन डोळ्यांपुढे येते. पण आपल्या शेजारच्या बीदरने दरबारासाठी जी वस्तू घडवली, तिचा देह जस्ताचा आहे आणि तिचे रूप खुलते ते मातीने. बिदरी कामाचे मला सर्वांत अधिक कौतुक वाटते ते यासाठीच.

पंधराव्या शतकात अहमदशाह वली बहमनीने गुलबर्ग्याहून राजधानी बीदरला आणली. त्या काळात इराणी कारागिरांनी ही कला येथे रुजवली, अशी परंपरा आहे. संग्रहालयांतले जुन्यात जुने नमुने मात्र साधारण सतराव्या शतकातले. त्यांत हुक्क्याची भांडी, पानदाने, सुरया, तबके असा सगळा उमरावी थाट दिसतो.

आता घडण पाहा. सुमारे सोळा भाग जस्त आणि एक भाग तांबे यांचा रस ओतून वस्तू घडवतात. ती कानशीने घासून मोरचूदाच्या पाण्याने तात्पुरती काळी करतात, म्हणजे तिच्यावर कोरलेली रेघ स्पष्ट दिसते. मग छिन्नीने नक्षी खोदून त्या खाचांत चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवतात. चांदी लागते थोडी. कष्ट लागतात फार. पुन्हा घासल्यावर सारेच पांढरट दिसते, नक्षी हरवून जाते.

ती परत आणते माती. किल्ल्यातल्या जुन्या इमारतींच्या आतली, वर्षानुवर्षे ऊनपाऊस न लागलेली क्षारयुक्त माती कारागीर जिभेवर ठेवून पारखतात. नवसागर आणि ही माती पाण्यात कालवून तापवलेल्या वस्तूवर चोळली की जस्त गडद काळे पडते आणि चांदी तशीच शुभ्र राहते. शेवटी तेलाचा हात फिरवतात.

१९५६ साली भाषावार प्रांतरचनेत जुना बीदर जिल्हा तिघांत वाटला गेला. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात आले. काही भाग आंध्रात गेला. बीदर म्हैसूरकडे राहिले. नकाशावर रेघा पडल्या, पण सुनेच्या रुखवतात आलेले बिदरी पानदान रेघेच्या दोन्ही बाजूंच्या घरांत राहिले. ते मराठी की कन्नड की उर्दू, हे कुणी विचारले नाही.

२००६ मध्ये बिदरीला भौगोलिक निर्देशांक मिळाला. २०२३ मध्ये बीदरचे कारागीर शाह रशीद अहमद कादरी यांना पद्मश्री मिळाली. हा सन्मान उचितच. पण जुन्या छपराखालची ती माती नव्याने तयार करता येत नाही, आणि छिन्नी धरणारा हातही वर्षभरात घडत नाही. म्हणून वस्तूचे मोल चांदीच्या वजनावर करू नये, असे मला वाटते.

आणि वाचकहो, आपल्या घरी असे पानदान असेल, तर दिवाळीच्या साफसफाईत ते पितळेसारखे चिंचेने वा राखेने घासू नका. त्याचा काळा रंग म्हणजे मळ नव्हे. मऊ फडक्याने पुसून खोबरेल तेलाचे बोट फिरवा, एवढे पुरे.