शरणपूरची पोरं

रात्रपाळी सुटली की मी सायकल शरणपूर रोडनं मारतो. शरण आलेल्यांचं पूर. शरण कुणाला दिलं, हे मास्तरनं कधी सांगितलं नाही.

आफ्रिकेतनं पळवलेली काळी पोरं ती. गुलामांच्या गलबतांवरून इंग्रजी आरमारानं सोडवली, मुंबईला उतरवली. १८६० च्या सुमाराला मिशननं नाशकात आणली. सुतारकी, लोहारकी, इंग्रजी शिकवली. नावंसुद्धा मिशनची. पोरं गोदेच्या पाण्यावर वाढली.

त्यातलाच जेकब वेनराईट. १८७३ ला लिव्हिंगस्टन आफ्रिकेच्या पोटात मेला, तेव्हा त्याचं प्रेत महिनोन्‌महिने वाहून किनाऱ्याला आणणाऱ्यांत जेकब होता. लंडनला दफनालाही हजर होता. इतिहासात पुतळे मात्र साहेबाचे!

मग बार्टल फ्रेअरच्या डोक्यात आलं, ही माणसं 'त्यांच्या देशात' न्यावीत. १८७५ ला प्राइस पाद्र्यानं मोंबासाजवळ फ्रेअरटाउन वसवलं. नाशकाकडची दीडशेच्या आसपास माणसं तिकडं गेली. याला हद्दपारी म्हणावं का? बेड्या नव्हत्या. काहीजण खुशीनं गेलेही असतील. पण देश कुठला, हे ठरवलं साहेबानं. इथं ते आफ्रिकन. तिथं किनाऱ्यावर उतरले तर नाव पडलं 'बॉम्बे आफ्रिकन'.

दोस्तहो, याच नाशकात १९३० ला काळारामाच्या दारात आपली माणसं उभी होती. पुढच्या वर्षी बाबासाहेबांनी गांधींना तोंडावर सांगितलं, मला मायभूमी नाही.

मोंबाशाच्या धक्क्यावर ठेच लागली असेल, तेव्हा त्यातलं एखादं पोर कुठल्या भाषेत 'आई गं' म्हणालं असेल?