थोरली तबकडी, धाकटी चिप



बचतगटाचा हिशेब आता वहीबरोबर कॉम्प्युटरवरही असतो. कर्जाचे हप्ते, सभेचं इतिवृत्त, घरच्या मुलांचे दाखले, लग्नाचे फोटो, सगळं त्यात. कॉम्प्युटर घ्यायला गेलं की दुकानदार विचारतो, "हार्ड डिस्क टाकू की एसएसडी?" या दोन्ही माहिती साठवायच्या जागा. एक थोरली जाऊ, एक धाकटी. दोघी कुठून आल्या ते कळलं, की कोणाकडे कुठलं काम द्यायचं हेही कळतं.

आधी थोरलीची गोष्ट. पूर्वी कॉम्प्युटरची माहिती भोकं पाडलेल्या कार्डांवर आणि लांब फितींवर ठेवत. कॅसेटमधलं मधलंच गाणं ऐकायचं तर फीत पुढे पळवावी लागायची ना, तसंच होतं ते. १९५६ साली अमेरिकेत आयबीएम कंपनीने 'रॅमॅक' नावाचं यंत्र आणलं. त्यात दोन-दोन फूट रुंदीच्या ५० तबकड्या एकावर एक रचून फिरत्या ठेवल्या होत्या. हवी ती नोंद साधारण सेकंदाच्या आत सापडायची. पण त्या साठवणीच्या कपाटाचं वजन होतं टनाच्या घरात, आणि एवढं करून मावायची फक्त ५० लाख अक्षरं. आज आपल्या मोबाईलमधले एक-दोन फोटो तेवढी जागा खातात! यंत्र भाड्याने मिळायचं, महिन्याला ३,२०० डॉलर. म्हणजे ते मोठ्या कंपन्यांचंच काम.

१९८० साली सीगेट कंपनीने तेवढीच माहिती मावणारी हार्ड डिस्क हातात उचलता येईल इतकी लहान केली. तिथून ती घरातल्या कॉम्प्युटरमध्ये शिरली. रीत मात्र आजही तीच आहे. आत चकचकीत तबकडी गरगर फिरते, मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे. तिच्यावर केसाच्या जाडीहूनही कितीतरी कमी अंतर ठेवून एक बारीक टोक चुंबकाच्या खुणा वाचतं. म्हणूनच चालू असताना धक्का बसला की तिला इजा होते.

आता धाकटी. जपानच्या तोशिबा कंपनीत फुजिओ मासुओका नावाचे अभियंते होते. वीज गेली तरी माहिती विसरणार नाही अशी चिप त्यांनी १९८०च्या दशकात शोधली. आतली माहिती क्षणात पुसली जाते, कॅमेऱ्याच्या फ्लॅशसारखी, म्हणून तिचं नाव पडलं फ्लॅश. तिच्यात फिरणारं काहीच नाही. १९९१ साली आज सॅनडिस्क म्हणून ओळखली जाणारी कंपनी अशा चिपची साठवण विकू लागली. मावायचे २० एमबी, किंमत सुमारे १,००० डॉलर. इतकी महाग वस्तू घरात कोण आणणार? पण कॅमेऱ्याची कार्डं, पेनड्राइव्ह आणि मोबाईल यांच्यामुळे चिप भरमसाट बनू लागल्या आणि भाव उतरला. तुमच्या हातातल्या मोबाईलमध्ये हीच धाकटी बसली आहे.

मग निवडायचं कसं? आपल्या स्वयंपाकघरात बघा. मिसळणाचा डबा हाताशी असतो, वर्षाचं धान्य कणगीत असतं. एसएसडी हा डबा. कॉम्प्युटर लवकर सुरू होतो, आवाज नाही, धक्क्याची भीती कमी. हार्ड डिस्क ही कणगी. कामाला हळू, पण तेवढ्याच पैशात जागा कितीतरी जास्त. म्हणून रोजचं काम एसएसडीवर ठेवा. फोटो-व्हिडिओचा मोठा साठा हार्ड डिस्कवर चालतो. जुना कॉम्प्युटर फार रेंगाळत असेल, तर नवा घेण्याआधी त्यातच एसएसडी बसवता येईल का ते विचारा. पुष्कळदा तेवढ्यानेच तो चांगला पळतो.

एक गोष्ट मात्र दोघींच्या बाबतीत सारखी आहे. अमरपट्टा कोणीच घेऊन आलेली नाही. हार्ड डिस्क बिघडण्याआधी पुष्कळदा टकटक आवाज करते. एसएसडी बहुधा न सांगताच थांबते, आणि मग आतलं परत मिळवणं अवघड जातं. वर्षानुवर्षं विजेविना कपाटात पडून राहिली तर तिच्यातलं पुसटही होऊ शकतं. लिहिता लिहिता वीज गेली, तर नोंद दोघींतही अर्धवट राहते.

म्हणून गटाचा हिशेब एकाच ठिकाणी ठेवू नका. एक प्रत कॉम्प्युटरमध्ये, दुसरी वेगळ्या हार्ड डिस्कवर, आणि तीही दुसऱ्या मैत्रिणीच्या घरी. महिन्याच्या सभेत सह्या झाल्या की लगेच प्रत काढायची आणि ती उघडते का तेही बघायचं. बियाणं आपण एकाच मडक्यात कुठे ठेवतो? तसंच हे. त्या हिशेबात दहा-वीस जणींच्या घामाचा पैसा आहे.

पुढच्या भागात भेटू. नमस्कार.